वरचा मळा, खालचा मळा

फुशिमी, क्योतो
९ नोव्हेंबर

ताकुमा,

फोन करायचं मी थांबवलंय, त्याचा राग मानू नकोस. फोनवर तू "हो बाबा, जेवलो बाबा" म्हणतोस आणि त्या शब्दांच्या मागे काय चाललंय ते मला ऐकू येतं. गिऱ्हाइकांचे आवाज ऐकून माल विकण्यात माझा जन्म गेला. 'घेतो' म्हणणारा खरंच घेणार की नुसता चहा पिऊन जाणार, हे मला त्याच्या घशावरून कळतं. तुझा घसा ऐकला की मी हवापाण्याचं काढतो. मग दोघेही पावसाबद्दल बोलत बसतो आणि फावतं फक्त टेलिफोन कंपनीचं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात माणूस पोटभर रडून मग तोंड धुऊन लिहायला बसू शकतो.

मे महिन्यात बंद केलेले डबे काल फोडले. तोडणीनंतरचा हिरवट उग्रपणा उन्हाळाभर थंड कोठीत पडून गेला की चहा कसा माणसात येतो, ते तुला मी काय सांगायचं. मिओरी गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. काल सकाळी पांढरे वाडगे ओळीने मांडले. एक यामेहून आलेला चहा, एक शिझुओकाचा आणि तुझ्याकडचे दोन. यामेचा चहा खात्यापित्या घरचा, अंगाने भरलेला, पण बोलायला लागला की कंटाळा येतो. शिझुओकाच्या चहाचा रंग असा, की बघणाऱ्याने त्याचा किमोनो शिवावा. चव मात्र रंगातच संपली. तुझा वरच्या मळ्याचा, उन्हात वाढलेला सेंचा ठीक आहे. डोंगरातला पोर आहे, सरळ बोलतो. आणि मग खालच्या मळ्याचा, सावलीत वाढवलेला ग्योकुरो. त्याचा एक थेंब जिभेवर ठेवला आणि मी उठून मागच्या खोलीत गेलो. नोकरांना वाटलं, पोट बिघडलं.

लिहायचं कारण वेगळंच. सोसायटीचे निशिओ परवा दुकानात आले होते. म्हणाले, एकट्याने दोन मळे होत नाहीत, तेव्हा वर्षअखेरीला त्यातला एक सोडणार असं तू बोललास. मला हे निशिओंच्या तोंडून कळावं, याचं वाईट वाटलं. ते असो. सोडायचाच असेल तर वरचा सोड. खालचा मिओरीचा होता. लग्न होऊन तुझ्याकडे आल्यापासून दर मे महिन्यात नमुने पाठवले की संध्याकाळी तिचा फोन यायचा. मी विचारायचो, यंदा कुठला? ती म्हणायची, "बाबा, खालचाच. नेहमीसारखा." पोरीचा आवाज मला खोटा ऐकू आला नसता.

जेवत जा. नुसतं फोनवर नको.

इसाबुरो

*

वाझुका
१६ नोव्हेंबर

बाबा,

निशिओंनी सांगायच्या आधी मीच सांगायला हवं होतं. चुकलं.

दोन्ही मळे सोसायटीकडून खंडाने घेतलेले आहेत आणि दोन्हींची मुदत डिसेंबरअखेर संपते. निशिओंना अठ्ठावीस डिसेंबरला सांगायचंय. खालच्या मळ्यावर सावलीची जाळी चढवायला दोन माणसं लागतात. वरच्या मळ्याचा उतार इतका उभा की यंत्र चढत नाही, सगळी खुडणी हाताने. आजवर एका टोकाने मी चढायचो आणि दुसऱ्या टोकाने ती उतरायची. मधे कुठेतरी गाठ पडायची.

कुठला ठेवायचा यात माझ्यापुरता प्रश्नच नाही. तिचा जो असेल तो. पण बाबा, तिचा वरचा होता. तुम्हाला ती वर्षातून एकदा फोनवर सांगायची. मी रोज तिच्या शेजारी बसायचो. काम संपलं की बांधावर किटली ठेवून मी वरचा सेंचा ओतायचो. ती दोन्ही हातांनी पेला धरून समोरच्या डोंगराकडे बघायची आणि म्हणायची, "हाच." अकरा वर्षं. एकदाही दुसरा शब्द नाही.

इथे पहिलं दव गोठलं. पानांवर दव गोठू नये म्हणून मळ्यात लावलेले पंखे पहाटे आपोआप सुरू होतात. त्या आवाजाने जाग येते आणि मी तिला म्हणतो, झोप, पंखे आहेत. मग कळतं.

ताकुमा

*

फुशिमी
२१ नोव्हेंबर

जावईबापू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पंख्यांबद्दल लिहिलंस ते तिसऱ्यांदा वाचलं नाही.

आता कामाचं. बायकोने नवऱ्याच्या हातचा चहा पिऊन "हाच" म्हटलं, यावरून तू निकाल देतोस? अरे, माझी बायकोसुद्धा मला जन्मभर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. घामाने निथळणारा नवरा डोंगरावर किटली घेऊन चढलाय, त्याला कुठली बाई म्हणेल की मला दुसरा आवडतो? बापाशी खोटं बोलायची मात्र तिला गरज नव्हती. मी तिच्यापासून लांब होतो आणि माझ्या हातात किटली नव्हती.

शिवाय जीभ ही गोष्ट घरातून येते. तिची जीभ मी घडवली. दुकानात ओळीने वाडगे मांडायचो आणि ती पाटावर उभी राहून एकेकातला घोट चाखायची. शेजारी म्हणायचे, "इसाबुरोसान, पोरीला व्यापारी करणार का?" तिला मऊ, सावलीतला, सबंध तोंडात पसरणारा चहाच आवडायचा. उन्हातला सेंचा मला बरा वाटतो, तुला प्राणाहून प्रिय आहे. माझं काही म्हणणं नाही. पण तो तुझा आवडता, तिचा नव्हे.

खालचा ठेव. जाळी चढवायला मी येईन. वय झालंय, पण शिडी धरता येते.

इसाबुरो

*

वाझुका
२ डिसेंबर

बाबा,

तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो.

खालच्या मळ्याचा ग्योकुरो तुमच्या दुकानात दर्शनी फळीवर असतो, काळ्या डब्यात, वर तुमच्या हातचं अक्षर. वरचा सेंचा कधी त्या फळीवर गेला नाही. तो मागे पोत्यात असतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चहात मिसळून विकला जातो. मी कधी तक्रार केली नाही. तुमचं दुकान, तुमची फळी. पण मग सरळ म्हणा की दुकानासाठी खालचा हवाय. त्यात तिला ओढू नका.

ती माझी बायको होती. तिला काय आवडायचं हे मला कळत नव्हतं, असं म्हणताय तुम्ही. मग मला कळत काय होतं?

ताकुमा

*

वाझुका
१८ डिसेंबर

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी लिहिलं होतं. पोस्टाच्या पेटीत टाकल्या टाकल्या हात आत घालून परत काढावंसं वाटलं. माफ करा.

वर्षअखेरीची घराची झाडलोट काढली. आई असती तर म्हणाली असती, दुःखाच्या घरी धूळ लवकर साठते. मिओरीची मळ्यात न्यायची पिशवी शेडमध्ये खिळ्याला तशीच होती. तिला हात लावायचं आजवर टाळलं होतं. आत हातमोजे, डोक्याला बांधायचे दोन रुमाल आणि तिचा छोटा थर्मास. धुवायला म्हणून झाकण उघडलं तर रबराच्या कडीला वास. भाजक्या चहाचा. चांगला खरपूस, गडद भाजलेला. महिने उलटले तरी गेलेला नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे भाजका चहा उंबऱ्याच्या आत येत नाही. वाफवलेलं पान शेजारचा कुठलाही वास ओढून घेतं. खुडणीच्या दिवसांत आम्ही मासाही भाजत नाही, ती केसांना तेल लावत नसे. मग हा कुठून आला? तुमच्याकडून तर येणं शक्य नाही. तुमच्या दुकानात कुणी अत्तर लावून आलं तर तुम्ही त्याला दाराबाहेर बसवून चहा दाखवता. खुडणीच्या बायकांपैकी कुणीतरी तिला दिला असेल. रबराला एकदाच वास बसतो का, का रोज भरावं लागतं? तुम्हाला कळेल.

दहा दिवसांनी निशिओंना सांगायचंय. मी भांडणार नाही. तुमच्या कानांनी काय ऐकलं ते मला खरं सांगा, मी तसं करीन. तिचा जो होता तो ठेवायचा. दोन्हींपैकी कुठलाच तिचा नसता तर दोन्ही सोडून ओसाकाला भावाकडे निघून गेलो असतो, तो गोदामात लावून देतो म्हणालाय. पण तिचं काहीतरी इथे आहे, एवढ्यावर मी सकाळी उठतो.

ताकुमा

*

फुशिमी
२२ डिसेंबर

ताकुमा,

रागावलो नव्हतो. फळीबद्दलचं तुझं खरं होतं.

थर्मासचं मनावर घेऊ नकोस. बायका खुडायला बसल्या की एकमेकींच्या झाकणात चहा ओततात. रबर एकदा वास धरतं ते सोडत नाही, एका दिवसात बसतो. फेकून दे ते झाकण.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. मी तिचे ते फोन मनात पुन्हा ऐकले. "खालचाच, नेहमीसारखा" हे ती जरा घाईने म्हणायची. पाठ केलेलं म्हणावं तसं. बापाला बरं वाटावं म्हणून. मी खूश व्हायचो आणि पुढचं ऐकायचं राहून जायचं. वरच्या मळ्याबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज सैल पडायचा. तूच बरोबर होतास. तिचा वरचा.

खालचा सोडून दे. काळ्या डब्याची काळजी करू नकोस. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा संपला म्हणून सांगेन. खोटं तर नाही.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा यंदा आपल्या दोन्ही घरांत नकोत, म्हणून लिहीत नाही. थंडीला जप.

इसाबुरो

*

वाझुका
६ जानेवारी

बाबा,

अठ्ठावीस तारखेला निशिओंना सांगून आलो. खालचा सोडला, वरचा ठेवला. परत येताना कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

तीन तारखेला तोकिएसान नव्या वर्षाचे तांदळाचे लाडू, मोची, घेऊन आल्या. तुम्ही त्यांना ओळखता, खुडणीच्या बायकांत सगळ्यांत जुन्या, मिओरी त्यांना मावशी म्हणायची. मी थर्मास दाखवला आणि सहज विचारलं, तुमच्यात भाजका चहा कोण आणतं? त्यांनी मोचीचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, आता सांगायला हरकत नाही.

कुणी आणत नव्हतं. मिओरीच भाजायची. वरच्या मळ्याच्या टोकाला सुरूची झाडं आहेत, त्यांच्या पलीकडे, वारा मळ्याकडून वाहत असेल तेव्हाच. छाटणीत पडलेले देठ आणि जून पानं एका जुन्या लोखंडी तव्यात. दुपारच्या सुट्टीत. मग हात मातीने घासायची, डोक्याचा रुमाल बदलायची आणि घरी यायची. दोन रुमाल त्यासाठी होते. लग्न झाल्यापासून हेच. तोकिएसान म्हणाल्या, ती त्या तव्याशी उकिडवी बसून प्यायची तेव्हा कुणी तिच्याशी बोलायचं नाही. तिचा चेहराच तसा व्हायचा.

त्यांनी एकदा तिला विचारलं होतं, नवऱ्याला का नाही सांगत? बाप तर एवढा मोठा चहावाला. तेव्हा ती म्हणाली:

"दोघेही चहा ओततात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात, मावशी. त्या वेळी दुसरं काय बोलणार?"

बाबा, मी त्या तोंडाकडे अकरा वर्षं बघत होतो.

तोकिएसान गेल्यावर तुमचं पत्र पुन्हा काढलं. रबराला एका दिवसात वास बसतो असं तुम्ही लिहिलंय. मी चहाच्या घरात जन्मलो, तरी तुम्ही लिहिलंत म्हणून मान डोलावली. तुम्हाला झाकणाचं वाचल्यावरच कळलं होतं ना?

दवाखान्यातले शेवटचे दिवस डोळ्यांपुढून जात नाहीत. मी सकाळी वरचा सेंचा घेऊन जायचो. तुम्ही दुपारी बर्फाच्या पाण्यात उतरवलेला ग्योकुरो आणायचात. नर्सने घोटभरच द्या म्हणून सांगितलं होतं. ती माझ्याकडचा घोट घ्यायची आणि छान म्हणायची. तुमच्याकडचा घ्यायची आणि छान म्हणायची. आपण दारात भेटलो की एकमेकांना विचारायचो, तुझा किती प्याली, तुमचा किती प्याली. तिला काय प्यायचंय, हे दोघांपैकी कुणी तिला विचारलं नाही. दवाखान्यात तर पानांना वास लागायची भीतीही नव्हती. खालच्या दुकानात भाजक्या चहाच्या बाटल्या मिळत होत्या. मी तिथूनच तुमच्यासाठी वर्तमानपत्र आणायचो.

वरचा मळा ठेवलाय. मे महिन्यात त्यात मी कोणासाठी शिरू?

ताकुमा

*

फुशिमी
१५ जानेवारी

ताकुमा,

हो. कळलं होतं.

तुला माहीत नसलेलं सांगतो. दुकान घ्यायच्या आधी मी चुशोजिमा स्टेशनच्या तोंडाशी हातगाडीवर चहा भाजून विकायचो. कोळशावर पिंप फिरवायचं आणि वासाने गिऱ्हाईक ओढायचं. मिओरीची आई गिरणीत कामाला, म्हणून पोर गाडीखालच्या खोक्यात. पिंपाच्या उबेला झोपायची, उठली की झाकणातून कोमट चहा प्यायची. तिचं दूध सुटलं ते भाजक्या चहावर, असं तिची आई म्हणायची. पुढे दुकान झालं, भारी माल आला आणि गाडी विकली. भाजण्याचा वास ग्योकुरोला लागला तर सगळा माल जातो. तिने कधी मागितला नाही. मला वाटलं, लहान होती, विसरली. पाटावर उभी राहून चाखायची, त्याचंच मला कौतुक.

तुझ्या पत्रात झाकणाचा वास वाचला आणि मला तिचं खोकं दिसलं. एका क्षणात. पण त्याच पत्रात तू लिहिलं होतंस की कुठलाच तिचा नसता तर सगळं सोडून ओसाकाला गेलो असतो. मी काय लिहायचं? दोन्ही तिचे नव्हते असं? पोर गेली, आता तू गोदामात खोकी उचलायला गेलास तर मी मे महिन्यात नमुने कुणाकडून मागवू? खालचा म्हणालो असतो तर फळीसाठी म्हणालो असं तुला वाटलं असतं, आणि मलाही. म्हणून वरचा म्हणालो. घाई, सैल आवाज, ते सगळं मी रचलं. तिच्या आवाजात मला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. या कानांची मी आयुष्यभर बढाई मारली.

दवाखान्याचं तू लिहिलंस. ते वर्तमानपत्र मी वाचतही नव्हतो. ती डोळे मिटून पडायची तेव्हा हातात काहीतरी असावं म्हणून धरायचो. याहून जास्त मला त्यावर लिहिता येत नाही.

मळ्यात कोणासाठी शिरू, हे मला विचारू नकोस. मी एकदा त्याचं उत्तर दिलं आणि ते खोटं निघालं. तुला तो सेंचा आवडतो का, एवढं सांग. तिला नाही. तुला. लगेच सांगितलं नाहीस तरी चालेल.

इसाबुरो

*

वाझुका
१० मे

बाबा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला खुडणी यावी लागली.

जानेवारीपासून मी वर फिरकलो नव्हतो. गोदामवाल्यांचं पत्र येऊन पडलं होतं, त्यालाही हो-नाही कळवलं नव्हतं. एप्रिलअखेरीला तोकिएसान बायकांना घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, पानं थांबत नाहीत, तुम्ही येणार असलात तर या. मी गेलो. एका टोकाने चढलो. मधे जिथे गाठ पडायची तिथे पोचलो आणि समोरून कुणी उतरत नव्हतं. तिथे थोडा वेळ बसलो. मग उरलेली अर्धी ओळही मीच खुडली.

संध्याकाळी बांधावर किटली ठेवली. तव्याशी जाऊन भाजावा असंही मनात आलं होतं, तोकिएसाननी तवा दाखवलाय. पण ती जागा तिने आपल्या दोघांपासून राखली होती. मी नाही गेलो. सेंचाच ओतला आणि प्यालो.

मला आवडतो. मलाच. लहानपणापासून. मला तो आवडतो म्हणून तिलाही आवडावा, असं मला हवं होतं. एवढंच होतं ते. ओसाकाला येत नाही असं भावाला कळवलंय.

यंदाचा नमुना सोबत पाठवतोय. मागल्या वर्षीचा तुमच्याकडे शिल्लक असेल तर शेजारी ठेवून चाखा. कसा वाटला ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. आपल्या घरात ते फार झालं.

ताकुमा

*

फुशिमी
१४ मे

ताकुमा,

नमुना मिळाला. मागल्या वर्षीच्या तुझ्या सेंचाचा डबा अर्धा शिल्लक होता. दोन वाडगे मांडले, दोन्हींत सारखं पान, वर उकळतं पाणी. नोकरांना बाहेर पाठवलं.

खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहितो. यंदाचं पान एकसारखं नाही. काही कोवळं, काही जून, आणि देठ नखाने तोडलेला आहे, त्यामुळे कडा तांबूस पडल्यात. वाफ थोडी जास्त झाली. रंग चांगला उतरलाय, वास ओळखीचा आहे. दर्शनी फळीवर ठेवीन, काळ्या डब्यात, पण पहिल्या नंबरचा म्हणून नाही.

मागल्या वर्षीचं पान वाडग्यात पूर्ण उलगडलं. मग मी एकेक उचलून बघितलं. दोन पानं आणि कोंब, प्रत्येक ठिकाणी तेवढंच, देठ चिमटीत वाकवून अलगद मोडलेला. तुझे चिमटीचे खुडे मला ओळखता येतात, ते जरा लांब असतात. हे आखूड आहेत, तिच्या चिमटीचे. अर्ध्याहून जास्त तिने खुडलेले होते. न आवडणाऱ्या चहाचं पान कुणी इतकं जपून खुडत नाही, असं लिहिणार होतो. खोडलं. तिला काय आवडायचं यावर मी आता बोलत नाही.

चहा वर्षभराचा झालाय, कडेने शिळा लागतो. तरी दोन्ही चाखून सांगतो, मागल्या वर्षीचाच चांगला आहे.

इसाबुरो